बालकवी खरंच उदास होते का? आणि कवितांबद्दलचे तुमचे बाकीचे प्रश्न

जुन्या मराठी कविता आणि त्या लिहिणाऱ्या माणसांबद्दल प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं, तर भरपूर आले. काही प्रश्न एकाच जातीचे होते, ते एकत्र केलेत. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून मग कोणाचंच दिलेलं नाही.

प्रश्न : शाळेत बालकवी म्हणजे ‘आनंदी आनंद गडे’ आणि ‘श्रावणमासी हर्ष मानसी’. आता मोठेपणी ‘पारवा’ वाचली तर हा कोणी भलताच माणूस वाटला. शिवाय त्यांनी रेल्वेखाली जीव दिला आणि ‘औदुंबर’मध्ये त्याची चाहूल आहे असं एका फॉरवर्डमध्ये वाचलं. खरं काय?

आधी माणूस सांगतो. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १३ ऑगस्ट १८९०, खानदेशातलं धरणगाव. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे या सोळा-सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हणून दाखवली आणि अध्यक्ष कर्नल डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं, ते नाव आयुष्यभर चिकटलं. पुढे रेव्हरंड टिळकांनी त्याला अहमदनगरला आपल्या घरी नेलं. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून मृत्यू, वय सत्तावीस. तो अपघात होता. पण कवी तरुणपणी गेला, तोही असा, की लोकांना अपघात पुरत नाही, त्यांना संकेत पाहिजे असतो, आणि मग कवितेत शोधाशोध सुरू होते.

आता ‘औदुंबर’. आठ ओळींची कविता आहे, प्लीज फॉरवर्ड बाजूला ठेवून एकदा सलग वाचा. तिच्यात मरण नाही, दुःख नाही, ‘मी’ तर अजिबातच नाही. झरा, टेकडीपलीकडचं चार घरांचं गाव, शेतमळे, पायवाट, डोह, झाड. बस. पण ती डोळ्यांना कशी फिरवते ते बघा. सुरुवातीला सगळं हिरवं आणि निळंसावळं, मग त्या हिरव्यातून एक पांढरी पायवाट निघते, ‘अडवीतिडवी’ पडत पडत आपल्याला काळ्या डोहापाशी आणून सोडते. लांबून जवळ, उजेडातून काळोखाकडे. आणि तिथे पोचल्यावर काय आहे, तर

*झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर,*
*पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.*

हा काळिमा गोड आहे आणि ते झाड निवांत पाय सोडून बसलंय. ज्याला यात मृत्यूची हाक ऐकायची त्याने खुशाल ऐकावी, कविता मोठी असली की तेवढी जागा असतेच तिच्यात, अनेक जाणत्या समीक्षकांनीही या डोहाकडे तसं बघितलंय. माझं म्हणणं एवढंच की ‘पुढे रेल्वेखाली गेला म्हणून हा डोह’ असा पुरावा लावू नका. १९१८ चा अपघात मागे नेऊन आधीच्या कवितेत बसवायचा हा उलटा हिशोब झाला. कविता लिहिताना त्या माणसाला १९१८ माहीत नव्हतं!

पण उदासपणाचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. ‘पारवा’ची सुरुवातच ‘भिंत खचली, कलथून खांब गेला, जुनी पडकी उद्ध्वस्त धर्मशाळा’ अशी आहे. आणि दुसऱ्या एका कवितेत ते स्वतःच म्हणतात,

*कोठुनि येते मला कळेना*
*उदासीनता ही हृदयाला*

कवी स्वतः सांगतोय मला कळत नाही कुठून येते, आणि आपण शंभर वर्षांनी छातीठोक सांगतो की पैशाची अडचण होती म्हणून, घरची भांडणं होती म्हणून. अडचणी होत्याच, पण अडचणी तेव्हा हजारोंना होत्या, ‘पारवा’ एकानेच लिहिली. आणि ‘फुलराणी’ आणि ‘पारवा’ यात काही वीस-तीस वर्षांचं अंतर नाहीये, या माणसाचा सगळा लिहिता काळच जेमतेम दहा-अकरा वर्षांचा, त्यामुळे ‘आधी आनंदी होते मग खचले’ अशी सरळ रेघ मारणं मला तरी जमत नाही. शाळेत फक्त उन्हातला बालकवी शिकवला जातो, त्यामुळे मोठेपणी सावलीतला भेटला की धक्का बसतो, एवढाच प्रकार आहे.

प्रश्न : ‘तुतारी’ लिहिणारे केशवसुत चळवळीत होते का? तुरुंगवास वगैरे?

नाही हो. शाळामास्तर होते. कृष्णाजी केशव दामले, जन्म १८६६, कोकणातलं मालगुंड. पोटासाठी इकडून तिकडे मास्तरकी, मुंबई झाली, खानदेश झाला, शेवटी धारवाड. ७ नोव्हेंबर १९०५ ला हुबळीला प्लेगने गेले, पुढच्या थोड्याच दिवसांत त्यांच्या पत्नीही गेल्या. हयातीत स्वतःच्या कवितांचं पुस्तक बघायला मिळालं नाही, कविता ‘करमणूक’, ‘काव्यरत्नावली’ अशा नियतकालिकांतून यायच्या, आणि पुस्तक हरिभाऊ आपट्यांनी नंतर काढलं. म्हणजे ‘एक तुतारी द्या मज आणुनि, फुंकिन मी जी स्वप्राणाने’ असं १८९३ साली लिहिणारा माणूस प्रत्यक्षात बुजरा, पगाराच्या विवंचनेतला होता, आणि ज्यांना कवी आणि कविता एकमेकांच्या मापाचे लागतात त्यांची इथे पंचाईत होते.

मला विचाराल तर त्यांचं बंड आयुष्यात शोधण्यापेक्षा कवितेच्या बांधणीत शोधा, तिथे ते ढळढळीत दिसतं. इंग्रजीतलं चौदा ओळींचं सॉनेट त्यांनी मराठीत आणलं, पण ते आणताना अंगावर कपडे कुठले घातले तर जुन्या संस्कृत वृत्तांचे. ‘आम्ही कोण म्हणूनि काय पुसशी? आम्ही असू लाडके’ ही ओळ म्हणून बघा, चक्क शार्दूलविक्रीडित आहे, मंगलाष्टकं म्हणतात ना तेच. लग्नात म्हणायच्या चालीत हा माणूस सांगतोय की आम्ही कवी देवाचे लाडके आहोत आणि आम्हाला वगळलंत तर ही आकाशातली तारांगणं निस्तेज होतील! आणि हो, ही कविता वाचलीत की लगेच आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ नावाने ‘झेंडूची फुले’मध्ये केलेलं तिचं विडंबन वाचा, तेच वृत्त, तीच ऐट, फक्त हवा काढून घेतलेली. विडंबन वाचल्यावर मूळ कविता जास्त चांगली कळते, हा माझा लाडका मुद्दा आहे आणि तो मी कुठेही घुसवतो.

प्रश्न : ‘संतकृपा झाली, इमारत फळा आली’ आणि ‘अरे संसार संसार’ या एकाच बहिणाबाईंच्या ना?

नाही. हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत कितीतरी जणांनी विचारलाय म्हणून नीट सांगतो.

‘ज्ञानदेवे रचिला पाया… तुका झालासे कळस’ लिहिणाऱ्या त्या संत बहिणाबाई, १६२८ ते १७००, शिऊरच्या, तुकाराम महाराजांच्या शिष्या. त्यांनी स्वतःची जन्मकथाच अभंगांत लिहून ठेवलीय, त्यात तुकारामांना गुरू मानलं म्हणून घरात काय झालं तेही आहे, आणि सतराव्या शतकातल्या बाईने स्वतःबद्दल इतकं मोकळं लिहावं हे आजही वाचताना दचकायला होतं.

‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ या बहिणाबाई चौधरी, जन्म १८८० असोद्याचा, मृत्यू ३ डिसेंबर १९५१ जळगावला. लिहिता-वाचता येत नव्हतं. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, शेती आणि घर. दळताना, शेतात काम करताना सुचेल ते म्हणायच्या, आणि मुलगा सोपानदेव, जे स्वतः कवी होते, ते आणि घरातले काहीजण जमेल तसं टिपून घ्यायचे. बाई गेल्यावर सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईची गाणी’ आलं. (बघा, परत अत्रे. एका हाताने केशवसुतांची टिंगल, दुसऱ्या हाताने हे. त्या माणसावर वेगळा अंक काढावा लागेल.)

म्हणजे दोघींमध्ये अडीचशे वर्षं. ओळखायची सोपी खूण सांगतो, संत बहिणाबाईंच्या अभंगाच्या शेवटी ‘बहिणी म्हणे’ अशी नाममुद्रा येते.

चौधरींच्या बाबतीत मात्र इथे चरित्र खरोखर कामाला येतं. ही गाणी कागदासाठी केलेलीच नाहीत. तोंडातून निघाली, कोणीतरी पकडली तेवढी राहिली, बाकीची दळणाबरोबर गेली. म्हणून ती डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने म्हणा, आणि लेवा गणबोलीतले उच्चार आहेत तसे म्हणा, ‘चुल्ह्यावर’चं ‘चुलीवर’ करून सुधारणा करू नका.

*अरे, जगनं-मरनं*
*एका सासाचं अंतर*

हे श्वासावर लिहिलंय आणि एका श्वासात म्हणून होतं. तत्त्वज्ञान वगैरे म्हणतात लोक, मला ते कायम जात्यावरच्या बाईचा दम वाटतं, ओढताना आत आणि ढकलताना बाहेर.

प्रश्न : कवितेत ‘मी’ असेल तर तो कवीच धरायचा का? आमच्या वाचनगटात यावरून जोरदार वाद झाला.

वाद होऊ द्या, चांगलंय. उत्तर आहे : आधी धरू नका, मग तपासा.

कवी दत्तांचं ‘बा नीज गडे नीज गडे लडिवाळा, निज नीज माझ्या बाळा’ घ्या. बोलतेय गरीब आई. लिहिणारा तरुण पुरुष, दत्तात्रय कोंडो घाटे. इथे ‘मी’ म्हणजे कवी धरलात तर पहिल्याच ओळीत आपटाल. पण ऐका ती आई काय म्हणते :

*रवि गेला रे सोडुनि आकाशाला, धन जैसे दुर्भाग्याला*
*अंधार वसे चोहिकडे गगनात, गरिबांच्या जेवि मनात*

अंगाईत साधारण चांदोबा येतो, परी येते. इथे सूर्य मावळतो तो दुर्दैवी माणसाला पैसा सोडून जातो तसा! पोराला झोपवता झोपवता ही बाई हिशोब मांडतेय. या दोन ओळींसाठी मी या कवितेला मराठीतल्या भल्याभल्या सामाजिक कवितांच्या वर ठेवीन, आणि लोक अजून तिला ‘गोड अंगाई’ म्हणतात.

दत्त १८९९ मध्ये गेले, चोविसाव्या वर्षी. त्यांचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा, हाच पुढे लेखक आणि शिक्षणतज्ज्ञ वि. द. घाटे, आणि त्यांनीच मोठेपणी वडिलांच्या कविता १९२२ साली पुस्तकरूपाने आणल्या. हे कळल्यावर अंगाई पुन्हा वाचली की गलबलून येतं, कबूल. पण ते गलबलणं आपलं आहे, कवितेतलं नाही, एवढं भान ठेवा. परत तोच औदुंबरवाला सापळा.

उलट उदाहरण इंदिरा संतांचं. पती ना. मा. संत यांच्याबरोबर त्यांचा ‘सहवास’ हा संयुक्त संग्रह १९४१ चा, १९४६ मध्ये पती गेले, आणि ‘शेला’ १९५१ चा. ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’ वाचताना ही तारीख माहीत असली तर बराच फरक पडतो, कारण तिथला ‘तू’ समोर नाहीच आहे, त्याच्याशी बोलणं एकतर्फी चाललंय हे कळतं. आणि त्याच इंदिराबाई ‘कुब्जा’ लिहितात तेव्हा राधा झोपलेली असताना तो पावा कोणासाठी वाजतोय हे कुब्जेच्या बाजूने सांगतात. तिथे परत त्यांचं चरित्र आणून चिकटवायची काही गरज नाही. एकाच कवयित्रीच्या दोन कवितांना दोन वेगळे नियम लागतात, काय करणार.

प्रश्न : मर्ढेकर अजिबात कळत नाहीत. ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ हे काय आहे? आयुष्य वाचलं तर कळेल का?

आयुष्य वाचून फारसं नाही कळणार. बाळ सीताराम मर्ढेकर, जन्म १९०९ फैजपूर, आकाशवाणीत अधिकारी, १९५६ मध्ये दिल्लीत निधन. ‘काही कविता’ १९४७ ची, तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि ते निर्दोष सुटले. यातून त्या उंदरांचा पत्ता लागत नाही.

हे करून बघा. टाळी देत देत मोठ्याने म्हणा :

*एक तुतारी द्या मज आणुनि*
*कोठुनि येते मला कळेना*
*पिपांत मेले ओल्या उंदिर*

तिन्ही ओळी एकाच ठेक्यावर बसतात, आठ आणि आठ, सोळा मात्रा. केशवसुतांनी त्या ठेक्यावर जग हलवायची भाषा केली, बालकवींनी त्याच्यावर न कळणारी उदासी ठेवली, आणि महायुद्धानंतर मर्ढेकरांनी त्याच तालावर मेलेले उंदीर ठेवले. ज्या चालीत वाचकाला स्फुरण चढायची सवय झालीय तिच्यात ‘माना पडल्या, मुरगळल्याविण’ असं आलं की जे चर्र होतं तेच त्या कवितेचं काम आहे, निदान निम्मं तरी. गर्दीत कोंबलेली, कोणी न मारता मेलेली जनावरं हे कळायला टिपणं लागत नाहीत. बाकीच्या ओळींवर लोक पिढ्यान् पिढ्या भांडतायत, तुम्हीही सावकाश भांडा. आणि आधी ‘शिशिरागम’ वाचा, १९३९ चा, म्हणजे हा माणूस नीट, गोड, जुन्या वळणाची कविता लिहू शकत होता आणि त्याने ती मुद्दाम सोडली हे लक्षात येईल.

प्रश्न : गाण्यातून ऐकलेली कविता म्हणजे वाचलेली धरायची का?

धरा की, कोण परीक्षा घेतंय! भा. रा. तांबे महाराष्ट्रापासून लांब, ग्वाल्हेर, देवास अशा संस्थानांत आयुष्यभर राहिले, १९४१ ला गेले, आणि त्यांची ‘जन पळभर म्हणतील हाय हाय’, ‘मधु मागशी माझ्या सख्या परी’ घराघरांत गेली ती बरीचशी वसंत प्रभूंच्या चाली आणि लताबाईंच्या आवाजामुळे. फक्त एक, गाण्यात कडवी गळतात. आवडलेल्या गाण्याची पूर्ण कविता पुस्तकातून काढून बघा, कधी कधी गाळलेल्या कडव्यातच सगळा झटका असतो.

प्रश्न : कवींची चरित्रं वाचायची तर सुरुवात कुठून? आणि सगळी पुरुषांचीच का असतात?

म्हणूनच चरित्रापासून नको, ‘स्मृतिचित्रे’पासून करा. लक्ष्मीबाई टिळक. नवरा कवी, रेव्हरंड ना. वा. टिळक, ‘केवढे हे क्रौर्य!’ ही शाळेत सगळ्यांना रडवणारी पक्षिणीची कविता त्यांची. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग स्वतःच्या विचाराने परत गेल्या आणि नंतर स्वतःही ख्रिस्ती झाल्या. या सगळ्यावर त्या रडगाणं गात नाहीत, चक्क हसतात, नवऱ्याला, स्वतःला, सोवळ्याओवळ्याला. कवीच्या घरात डाळ-तांदूळ संपले की काय होतं हे कुठल्याही प्रस्तावनेत नसतं, ते इथे आहे. ठोंबरे म्हणजे आपले बालकवीही यात भेटतात, घरातला एक मुलगा म्हणून. आणि टिळकांनी सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य ते दहा-अकरा अध्यायांवर सोडून १९१९ ला गेले, त्यानंतर चौसष्ट अध्याय लिहून ते पुढे नेलं ते लक्ष्मीबाईंनी. आता यात कवी कोण आणि कवीची बायको कोण ते तुम्हीच ठरवा.

त्याच्यानंतर ‘कुसुमानिल’ घ्या, कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांची लग्नाआधीची पत्रं, १९७२ मध्ये छापली. दोघंही पुढे साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, अनिल १९५८ मध्ये मालवणला आणि कुसुमावती १९६१ मध्ये ग्वाल्हेरला, आणि त्या पदावरच्या त्या पहिल्या स्त्री. पत्रं वाचताना शेजारी अनिलांची ‘फुलवात’ ठेवा, १९३२ ची, आणि कुठली ओळ आधी पत्रात आली असेल यावर पैजा लावत बसू नका. बरं, थोड्या लावल्यात तरी चालेल.

पुढच्या अंकासाठी ग्रेस आणि आरती प्रभू यांच्यावर बरेच प्रश्न आलेत, ते राखून ठेवलेत.